जुन्या प्रिंटरच्या मोटरची पवनचक्की, गच्चीवर एलईडी पेटवण्यापुरती

देवासकडे जाताना टेकड्यांवर पवनचक्क्या दिसल्या की भाचीचा प्रश्न ठरलेला, मामा एवढ्या हळू फिरून वीज कशी काय बनते? मग यंदा शाळेच्या प्रदर्शनाचं निमित्त झालं आणि आम्ही इंदूरला घराच्या गच्चीवर एक छोटी बनवलीच. दोन मोटरी वाया गेल्या, तुमच्या जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

आधी मोटर, बाकी सगळं नंतर. जुना सीलिंग फॅन चालेल का असं प्रत्येक जण विचारतो. नाही चालत भिया, साध्या पंख्यात इंडक्शन मोटर असते, आत चुंबकच नाही, नुसती फिरवून वीज येणार कुठून? टेपरेकॉर्डरची मोटर काढली तर तिच्या पोटात स्पीड सांभाळायचं सर्किट निघालं, म्हणजे तीही बाद. खेळण्यातली मोटर मिनिटाला हजारो फेरे मागते, ते आपली पाती कुठून देणार. शेवटी भंगारातल्या प्रिंटरची स्टेपर मोटर (एकेक पाऊल टाकत फिरणारी) घेतली, ही हाताने गरकन फिरवली तरी एलईडी चमकतो, म्हणजे जिंकलो.

तिला बहुतेक चार वायरी असतात, दोन कॉइलच्या दोन जोड्या. जोडी ओळखायची सोपी ट्रिक अशी की कुठल्याही दोन वायरी एकमेकींना जोडून शाफ्ट फिरवा, जड लागला तर तीच जोडी. आता ही मोटर एसी देते, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, म्हणून ती एकाच दिशेची करायला एका जोडीला चार डायोडचा ब्रिज लावायचा, पुढे 1000 मायक्रोफॅरॅडचा 25 व्होल्टवाला कपॅसिटर (उलटा लावू नका, फुटतो) आणि मग 220 ओहमच्या रेझिस्टरमधून एलईडी. लाल एलईडी घ्या, त्याला 2 व्होल्टच्या आसपास पुरतात, पांढऱ्याला 3 लागतात, आणि साध्या डायोडच्या ब्रिजमध्येच दीडेक व्होल्ट जातो.

पात्यांसाठी 4 इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा, उभे चार भाग करा, त्यातले तीन वापरा. बुडाशी रुंद, टोकाला निमुळतं कापायचं, खोलगट बाजू वाऱ्याकडे. प्लायच्या गोल चकतीवर तिन्ही समान अंतरावर स्क्रूने बसवून चकती मोटरच्या शाफ्टवर एम-सीलने घट्ट करायची. मग बॅलन्स बघा, एकच पातं दर वेळी खाली येऊन थांबत असेल तर ते जड आहे, घासा थोडं. आमचं आधी इतकं थरथरलं की वरच्या काकू बघायला आल्या. मागे पत्र्याचं शेपूट लावलं आणि सगळं बेअरिंगवर ठेवलं की तोंड आपोआप वाऱ्याकडे वळतं, मोठ्या चक्कीत हेच काम सेन्सर बघून मोटरी करतात.

आणि भाचीचं उत्तर? मोठीची पाती हळू फिरतात खरी, मिनिटाला 10-20 फेरे, पण बऱ्याच चक्क्यांमध्ये गिअरबॉक्स ते हजाराच्या वर नेऊन जनरेटरला देतो, आणि टोकाचा वेग तर लांबूनच कमी वाटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट, म्हणून चक्क्या टेकडीवर. साधारण 3-4 मीटर प्रति सेकंद वाऱ्याला त्या सुरू होतात, 25 च्या आसपास पाती वळवून बंद करतात, नाहीतर मोडतील.

आपल्या गच्चीवर मात्र पाण्याच्या टाक्या आणि शेजारच्या भिंती वारा असा घुसळून टाकतात की चक्की नुसती इकडेतिकडे मान हलवते, त्यामुळे उंच पाइपवर लावा. तरी मोबाइल चार्ज होईल ही आशा सोडा. 60 सेंटिमीटर चक्रातून ताशी 14 किलोमीटरच्या वाऱ्यात जातात तेच मुळात 10-11 वॅट, त्यातले कागदावर जास्तीत जास्त 59 टक्के घेता येतात, आपल्या हाती त्याच्याही बरेच कमी. प्रदर्शनाच्या दिवशी वारा नसला तर समोर टेबल फॅन ठेवा, आम्ही तेच केलं. आणि संक्रांतीत काढून ठेवा, मांजा शाफ्टला असा गुंडाळतो की ब्लेडने कापत बसावं लागतं.