कूलर लागला की मागच्या खोलीतील वायफाय तुटत असे: माझा अनुभव

नागपुरात मार्च सरताना खिडकीत कूलर बसला की आमच्या मागच्या खोलीतील वायफाय वारंवार तुटत असे. शिवाय २०० एमबीपीएसचा प्लॅन असूनही केबल लावून मोजलेला वेग ९४ च्या वर जात नसे. राउटर बंद-चालू केला, चॅनेल बदलला, रिपीटर (सिग्नल पुढे पोहोचवणारे उपकरण) आणला, तर त्याने वेग निम्म्यावर आणला. दोन उन्हाळे अक्षरशः यातच गेले.

राउटर खिडकीशेजारच्या फळीवर होता, त्यामुळे तो आणि मागची खोली यांच्या मध्ये कूलरचा पत्र्याचा डबा, टाकीतील पाणी आणि खसच्या ओल्या ताट्या येत होत्या, आणि पत्रा व पाणी दोन्ही वायफायच्या लहरी अडवतात. वेगाचे कारण वेगळे होते: जुन्या राउटरचे पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या जागा, १०० एमबीपीएसचेच होते.

नवा राउटर घेताना खोक्यावर ‘गिगाबिट पोर्ट’ (१००० एमबीपीएसपर्यंतचे) आणि ‘ड्युअल बँड’ (२.४ व ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही वायफाय देणारा) हे दोनच शब्द शोधले. अँटेना मोजण्यात अर्थ नाही.

नंतर पुढील क्रमाने काम केले. प्रथम फायबरच्या मोडेमपासून मधल्या बोळीपर्यंत कॅट-६ प्रकारची नेटवर्क केबल ओढून राउटर सहा फूट उंचीवर भिंतीला लावला. मग मोडेममधील वायफाय बंद केले. त्यानंतर २.४ गिगाहर्ट्झला चॅनेल १ व रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली, आणि ५ गिगाहर्ट्झला चॅनेल ३६ देऊन त्याचे नाव वेगळे केले. शेवटी लॅपटॉप ५ वर आणि भिंतीपलीकडचा जुना टीव्ही २.४ वर जोडला.

आता भर दुपारी कूलर सुरू असतानाही मागच्या खोलीत लॅपटॉपवर १८० एमबीपीएस मिळतात.