क्षारपड जमीन सुधारताना या चुका टाळा

कृष्णा-वारणेच्या काठचा सांगली-कोल्हापूरचा ऊसपट्टा असो, नीरेच्या कालव्याखालचा भाग असो किंवा प्रवरेचे खोरे, क्षारपड जमीन हा तिथे आजचा विषय नाही. नीरा खोऱ्यातील खारावलेल्या जमिनींचा अभ्यास पुण्याच्या कृषी महाविद्यालयात डॉ. हॅरॉल्ड मान यांनी १९१० च्या सुमारासच केला होता. तरीही आज अनेक शेतकरी पदरचे पैसे घालून, जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) टाकून, भरपूर पाणी देऊन जमीन पूर्वीपेक्षा घट्ट करून घेतात. जमिनीतले सगळे क्षार सारखेच आणि ते कमी झाले की जमीन सुधारली, हा समज त्यामागे बहुतेक वेळा असतो. प्रत्यक्षात मातीची घडण टिकणार की मोडणार हे दोन गोष्टी मिळून ठरवतात: मातीच्या कणांना कोणते आयन (विद्युतभार असलेले अतिसूक्ष्म कण) चिकटलेले आहेत आणि कणांमधल्या पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेले आहेत.

काळ्या मातीतील चिकण कणांत स्मेक्टाइट हे खनिज मुख्य असते. त्याचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असून त्यांच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, आणि म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे धनभारित आयन त्यांच्याभोवती जमा होतात. कॅल्शियमवर दोन भार असल्याने तो पापुद्र्याला खेटून राहतो, शेजारचे पापुद्रे जवळ येतात, कणांचे पुंजके बनतात आणि पुंजक्यांमधल्या पोकळीतून पाणी व हवा खेळते. सोडियमवर एकच भार असतो, त्यामुळे तो पृष्ठभागापासून दूरवर पसरून राहतो. दोन पापुद्र्यांवरचे हे पसरट थर एकमेकांना रेटतात, माती फुगते, आणि शेवटी सुटे झालेले सूक्ष्म कण पाण्याबरोबर वाहत जाऊन पुढच्या छिद्रांच्या तोंडाशी अडकतात. मात्र पाण्यात क्षार भरपूर असतील तर हाच थर आक्रसतो, आणि सोडियम मुबलक असूनही कण पुंजक्यातच राहतात. ही शेवटची बाब नजरेआड झाली की उपाय उलटतो.

आधी गोड्या पाण्याने धुणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. शेतात पांढरा थर दिसतो, गावात म्हणतात तशी जमिनीला मीठफुटी झालेली असते, आणि कालव्याचे चांगले पाणी सोडून क्षार धुऊन काढण्याचा बेत ठरतो. जमीन केवळ क्षारयुक्त असेल आणि खाली निचरा असेल तर हा उपाय योग्यच आहे. पण जमीन क्षारयुक्त-चोपण, म्हणजे विरघळलेले क्षारही जास्त आणि कणांवर सोडियमही जास्त अशी असेल, तर पहिल्या दोन-तीन पाण्यांत विद्राव्य क्षार खाली जातात, कणांवरचा सोडियम मात्र बराचसा तिथेच राहतो. ज्या क्षारांमुळे कण एकत्र होते तेच निघून गेल्याने माती विस्कटते, छिद्रे बुजतात आणि पुढचे पाणी मुरतच नाही. वाफसा येईना, सरीतले पाणी आठवडाभर गढूळच, आणि सुकल्यावर ढेकळे दगडासारखी, ही त्याची लक्षणे आहेत.

इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे क्वर्क आणि स्कोफिल्ड यांनी १९५५ मध्ये हेच प्रयोगाने दाखवले. कणांवर सोडियम जितका जास्त, तितके पाण्यातील क्षारांचे किमान प्रमाण जास्त ठेवावे लागते, आणि त्याखाली गेल्यास मातीची पाणी वाहू देण्याची क्षमता घटते. म्हणूनच धुण्याआधी, निदान धुण्याबरोबर, कॅल्शियम पुरवणे आवश्यक ठरते. पावसालाही हाच नियम लागू आहे. पावसाच्या पाण्यात आयन जवळपास नसतातच, त्यामुळे उन्हाळ्यात विहिरीच्या खारट पाण्यावर बरी वाटणारी जमीन जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वरून बंद होते आणि उगवण खुंटते. दोष बियाण्याला दिला जातो.

विहिरीच्या पाण्यात ढेकळाची चाचणी

माती विस्कटते का, हे घरी तपासता येते. हरभऱ्याएवढे वाळलेले ढेकूळ काचेच्या पेल्यातील पाण्यात अलगद सोडावे आणि न ढवळता दोन तास ठेवावे. ढेकूळ नुसते कोसळून बारीक तुकड्यांचा ढीग झाला आणि वरचे पाणी स्वच्छ राहिले, तर ते कण सुटणे नव्हे. कोरड्या मातीत पाणी शिरताना अडकलेली हवा दाबली जाते आणि माती असमान फुगते, त्याचा तो परिणाम आहे. ढेकळाभोवती दुधासारखे वलय पसरू लागले आणि दुसऱ्या दिवशीही पाणी निवळले नाही, तर सोडियमचा त्रास आहे असे धरावे. ऑस्ट्रेलियातील इमर्सन यांनी १९६७ मध्ये याच निरीक्षणावर मातीच्या वर्गीकरणाची पद्धत बसवली.

ही चाचणी विहिरीच्या पाण्यात केली तर फसगत होते. त्या पाण्यातले क्षारच कणांना खाली बसवतात आणि चोपण माती निरोगी दिसते. पाणी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) असावे, किंवा स्वच्छ भांड्यात थेट धरलेले पावसाचे. दोन पेले शेजारी ठेवून एकात ऊर्ध्वपातित आणि दुसऱ्यात विहिरीचे पाणी घेतल्यास वर सांगितलेली सगळी गोष्ट डोळ्यांनी दिसते, आणि जिप्समवर पैसे घालण्यापूर्वी प्रत्येकाने हे करून पाहावे असे माझे मत आहे.

अहवालातील आकडे चुकीच्या मापाने वाचणे

अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षार प्रयोगशाळेने १९५४ मध्ये रूढ केलेल्या वर्गीकरणात विद्युतवाहकता म्हणजे ईसी ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त, आणि विनिमययोग्य, म्हणजे कणांना चिकटलेल्या सोडियमचे शेकडा प्रमाण म्हणजे ईएसपी १५ च्या वर असेल तर चोपण मानली जाते. येथे दोन ठिकाणी घोळ होतो. ४ ही मर्यादा संपृक्त मातीतून काढलेल्या अर्काची आहे, तर आपल्याकडील बहुतेक प्रयोगशाळा एका भाग मातीत दोन किंवा अडीच भाग पाणी घालून ईसी मोजतात. पाणी जास्त असल्याने तो आकडा बराच कमी येतो, आणि अहवालातील १.५ पाहून निश्चिंत झालेला शेतकरी खरे तर धोक्याच्या पातळीत असू शकतो. म्हणून मोजण्याची पद्धत विचारून घ्यावी.

दुसरे म्हणजे, १५ टक्क्यांची मर्यादा फुगणाऱ्या काळ्या मातीला फारच सैल आहे. ऑस्ट्रेलियात ६ टक्के ही मर्यादा धरतात. आपल्याकडे अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातही ईएसपी १५ च्या बरेच खाली असतानाच निचरा मंदावलेला आढळतो. केवळ सामू (पीएच) पाहून निष्कर्ष काढणे तर त्याहून चूक, कारण सामू ८.५ च्या खाली असूनही सोडियम त्रासदायक असू शकतो.

जिप्सम अंदाजाने टाकणे

एकरी दोन-तीन पोती जिप्सम टाकून चोपण जमीन सुधारत नाही, हे साध्या हिशेबाने कळते. दर १०० ग्रॅम मातीतून एक मिलिइक्विव्हॅलंट (आयन त्यांच्या भारानुसार मोजण्याचे एकक) सोडियम काढायचा, तर वरच्या १५ सेंटिमीटर थरासाठी हेक्टरी सुमारे १.९ टन, म्हणजे एकरी सुमारे पाऊण टन शुद्ध जिप्सम लागते. काळ्या मातीची आयन धरून ठेवण्याची क्षमता १०० ग्रॅमला ५० मिलिइक्विव्हॅलंट धरली आणि ईएसपी १६ वरून ६ वर आणायचा ठरवला, तर ५ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हलवावा लागतो, आणि एकरी गरज पावणेचार टनांच्या पुढे जाते. जिप्समची शुद्धता ७० टक्के असेल तर साडेपाच टन. हे एका वर्षात झेपत नसेल तर दोन-तीन हप्त्यांत विभागावे, पण मात्रा प्रयोगशाळेतून काढलेल्या जिप्समच्या गरजेवरूनच ठरवावी.

जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. वरची पावणेचार टनांची मात्रा नुसत्या पाण्यात विरघळवायची तर शेतावर जवळजवळ ४० सेंटिमीटर पाणी लागेल. मातीत अदलाबदल चालू असताना ते काहीसे लवकर विरघळते, तरी एका पावसात काम होत नाही हे उघड आहे. म्हणून ते बारीक दळलेले असावे, उन्हाळी मशागतीनंतर पावसापूर्वी पसरावे आणि वरच्या १० ते १५ सेंटिमीटरमध्येच मिसळावे. नांगराने खोल गाडले तर पावसाचा मारा सोसणारा वरचा थर कॅल्शियमविना राहतो.

जिप्समऐवजी चुना टाकणे निरुपयोगी आहे, कारण एवढ्या सामूला चुनखडी जवळजवळ विरघळतच नाही. शिवाय आपल्या बहुतेक काळ्या जमिनींत ती आधीच असते. गंधक मात्र अशा चुनखडीयुक्त जमिनीत उपयोगी पडते. जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात, ते चुनखडी विरघळवते आणि जमिनीतच जिप्सम तयार होते. एक किलो गंधक सुमारे ५.४ किलो जिप्समच्या बरोबरीचे. त्यासाठी ओल आणि हवा दोन्ही लागतात, त्यामुळे पाणथळ शेतात गंधक तसेच पडून राहते. हिरवळीच्या खतासाठी अशा जमिनीत तागापेक्षा धैंचा निवडावा.

चवीवरून पाण्याची परीक्षा

पाणी खारट लागत नाही म्हणून ते चांगले, असे मानू नये. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर तो मातीतील कॅल्शियमला चुनखडीच्या रूपात बाहेर टाकतो आणि उरलेल्या पाण्यात सोडियमचा वाटा वाढत जातो, मग पाणी चवीला गोडे का असेना. पाण्याच्या अहवालात अवशिष्ट सोडियम कार्बोनेट (कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्त असलेले कार्बोनेट व बायकार्बोनेट) २.५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरच्या वर असेल तर ते पाणी सिंचनास अयोग्य मानतात, आणि १.२५ पासूनच सावध राहावे. ठिबकवर क्षार ओल्या भागाच्या कडेला साठतात. अवेळी हलका पाऊस झाला तर ते मुळांकडे ढकलले जातात, म्हणून अशा वेळी ठिबक बंद न करता चालू ठेवावे.

सगळे करूनही जमीन सुधारत नसेल तर

जिप्सम दिले आणि फरक पडला नाही, तर आधी निचरा पाहावा. कॅल्शियमने हुसकलेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्यात असतो. तो शेताबाहेर गेला नाही तर भूजलाबरोबर उन्हाळ्यात पुन्हा वर चढतो. भूमिगत सच्छिद्र पाइप टाकलेले असतील तर त्यातून येणारे पाणी बघावे. पाणी स्वच्छ पण खारट असेल तर काम बरोबर चालले आहे. सतत गढूळ येत असेल तर पाइपवरील गाळणी सदोष आहे किंवा माती अजून विस्कटते आहे. पाणी येतच नसेल तर नाल्याकडचे तोंड बुजले आहे का ते तपासावे. हे तोंड अनेकदा शेजाऱ्याच्या हद्दीत असते, त्यामुळे एकट्याने चर काढण्यापेक्षा गटाने निचरा योजना करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

त्यानंतर दरवर्षी मे महिन्यात, एकाच ठिकाणाहून, ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर अशा तीन थरांचे नमुने वेगवेगळे द्यावेत. वरच्या थरात ईएसपी उतरला आणि खालच्यात वाढत गेला, तर सोडियम निघालेला नसून खाली सरकून साठला आहे, आणि पुढचा खर्च जिप्समवर न करता निचऱ्यावर करावा.