घरी बघितलेल्या सिनेमावर मत कसं द्यायचं (आणि कट्ट्यावर तोंडघशी कसं पडायचं नाही)

दर रविवारी सकाळी रंकाळ्याला एक चक्कर मारून आम्ही सहा-सात जण मिसळ खायला बसतो आणि तिथं प्रत्येकानं आठवड्यात घरी काय बघितलं ते सांगायचं, ही पद्धत लॉकडाऊननंतर सुरू झाली ती अजून चालूच आहे. म्हणजे मी आजवर शे-दोनशे सिनेमांवर मत देऊन बसलोय आणि त्यातली निम्मी मतं मिसळीचा कट दुसऱ्यांदा यायच्या आत मोडीत निघालीत. त्यामुळं 'चित्रपटाचे परीक्षण कसे करावे' असलं काही वाचलं की डोकं उठतं. कथा, पटकथा, अभिनय, संगीत, छायाचित्रण असे रकाने पाडा, प्रत्येकाला एकेक ओळ द्या आणि शेवटी पाचपैकी स्टार. अरे काय प्रगतिपुस्तक भराय लागलोय का आपण? मिसळ खाताना असं कोण बोलतंय?

सिनेमा कुठला, कुठल्या अॅपवर, कुणाच्या अकाउंटवरनं, ते तुमचं तुम्ही बघा. फक्त शेवटपर्यंत बघा, नावं वर सरकायला लागेपर्यंत. हे उगाच सांगत नाही, का ते पुढं येईलच.

पहिली पायरी. बघून झाल्या झाल्या ग्रुपवर काही टाकू नका, एक रात्र जाऊ द्या. झाली पायरी.

दुसरी पायरी, आणि खरी गोची हीच आहे. जे खटकलं त्यातला सिनेमाचा दोष किती आणि आपल्या बघण्याचा दोष किती, हे आधी वेगळं करा. थिएटरमध्ये ही भानगड नसते, तिथं सगळ्यांना एकच अंधार, एकच पडदा, एकच आवाज. घरात प्रत्येकाचा सिनेमा वेगळा असतो. एकानं मोठ्या टीव्हीवर रात्री अकराला बघितलेला असतो, दुसऱ्यानं एसटीत बसून मोबाईलवर, तिसऱ्यानं भाजी निवडता निवडता, आणि तिघं एका टेबलावर बसून भांडतात जसं काय एकच वस्तू बघितलीय.

माझी स्वतःची फजिती सांगतो. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' २०१५ साली थिएटरला आला तेव्हा माझा राहून गेला होता, तो नंतर घरी बघितला. त्या वर्षी भारताकडनं ऑस्करला गेलेला सिनेमा, लांबी पुरती दोन तासांचीसुद्धा नाही, आणि मी तो तीन रात्रींत बघितला. जेवता जेवता, हातात फोन, मध्येच दुधवाल्याचा हिशोब, मध्येच पाहुण्यांचा कॉल. एका लोकशाहिरावरचा खटला आहे, कॅमेरा एका जागी ठेवलेला असतो, माणसं येतात, बोलतात, पुढची तारीख पडते. तिसऱ्या रात्री एक जागा येते, कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, सगळे निघून जातात, दिवे बंद होतात आणि पडद्यावर मिट्ट काळोख. मी म्हटलं संपला. रिमोट उचलला, टीव्ही बंद, झोपलो.

रविवारी मी ऐटीत मत दिलं, "लई स्लो आहे, आणि शेवटच नाही त्याला, मधनंच तोडलाय." आमच्यातला एक जण वकिलाकडं कारकून आहे, त्यानं शांतपणे पाव मोडला आणि विचारलं, "जजसाहेब सुट्टीत काय करत्यात ते बघितलास न्हवं?"

"कुठलं जजसाहेब?"

"झालं मग."

काळोखानंतर अजून एक प्रसंग आहे आणि अख्खा सिनेमा जणू त्या प्रसंगासाठीच उभा केलाय. तो मी सांगणार नाही, बघा तुम्ही. पण त्या दिवसापासनं मी कुठल्याही सिनेमाला नाव ठेवलं की हे सगळे एका सुरात म्हणतात, "तुझी लाईट गेली असंल." इतकी वर्षं झाली, अजून म्हणतात.

नंतर तोच सिनेमा एका बैठकीत बघितला, फोन आतल्या खोलीत ठेवून. जे स्लो वाटलं होतं ते वेगळंच निघालं. कॅमेरा हलत नाही कारण आपण कोर्टाच्या मागच्या बाकावर बसलोय आणि आपल्यालाही दुसरं काही करता येत नाही, नुसती तारीख ऐकायची. ज्यांनी खऱ्या कोर्टात अर्धा दिवस काढलाय त्यांना हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. मला कळलं नव्हतं, कारण मी त्या वेळी फोनवर कुणाला तरी अंगठा दाखवत होतो.

तर मत द्यायच्या आधी स्वतःची उलटतपासणी घ्या. किती बैठकांत बघितला? फोन कुठं होता? दीडपट स्पीड लावला होता का? लावला असला तर तुम्ही मत देऊच नका, माझं ठाम म्हणणं आहे. माणूस गप्प बसतो तेवढा वेळसुद्धा कुणीतरी मोजून ठेवलेला असतो, तो तुम्ही कापून खाल्ला आणि वर म्हणताय इमोशन पोचलं नाही.

आवाजाचंही तसंच. "डायलॉग ऐकूच येत नाहीत, म्युझिक मात्र कानात घुसतंय" ही तक्रार दर रविवारी कुणी ना कुणी करतंच आणि शिव्या साउंडवाल्याला. बाबांनो, तो आवाज बऱ्याचदा चारी बाजूंच्या स्पीकरसाठी बसवलेला असतो, संवादाला समोरचा वेगळा स्पीकर धरलेला असतो, आणि आपल्या सपाट टीव्हीला बुडाशी दोन बारके स्पीकर, ते पण बहुतेक भिंतीकडं नाहीतर खाली तोंड करून. अॅपमध्ये ऑडिओच्या जागी ५.१ च्या (म्हणजे त्या चारी बाजूंच्या आवाजाच्या) ऐवजी नुसतं स्टिरिओ, म्हणजे दोन स्पीकरपुरतं, मिळत असलं तर ते लावा, फरक पडतो. मग बोला.

चित्राचं अजून एक. नवीन टीव्ही घेतला आणि सगळे सिनेमे सिरीयलसारखे दिसायला लागले, हे मी किमान चार घरांत ऐकलंय. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही स्वतःच्या मनानं मधली चित्रं बनवून घुसडतो म्हणून ते सगळं तेलकट, घसरल्यासारखं दिसतं. सेटिंगमध्ये पिक्चरच्या खाली मोशन नावाचं काहीतरी असतं, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, ते बंद करा, नाहीतर फिल्ममेकर मोड असला तर तो लावा. एका पाहुण्यांच्या घरी मी हे करून दिलं तर काकू म्हणाल्या आधीचंच बरं होतं. असू दे.

डबिंगमध्ये बघितला असला तर अभिनयावर बोलू नका. निम्मा अभिनय आवाजात असतो आणि तो आवाज त्या माणसाचा नव्हताच.

आणि जुना सिनेमा असला तर प्रिंटचा दोष सिनेमाच्या गळ्यात मारू नका. हे तर कोल्हापुरात राहून करायचंच नाही. आमच्यातल्या एका पोरानं 'अयोध्येचा राजा' मोबाईलवर बघितला आणि म्हणाला, "आवाज नुसता खरखरतोय, काय मजा नाही." आता १९३२ चा सिनेमा, मराठीतला पहिला बोलपट, प्रभात कंपनी पुण्याला जायच्या आधी आपल्या याच गावात केलेला. तेव्हा प्लेबॅक नव्हता, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतः गायलेत. इतक्या वर्षांनी कुणीतरी कसल्यातरी कॉपीवरनं अपलोड केलेला, आणि हा तो फोनच्या स्पीकरवर ऐकतोय, वर गाडीत बसून. खरखर कुणाची मग? त्याला हेडफोन लावून परत बघायला लावला. आवडला नाहीच त्याला, पण निदान आता न आवडण्याचं कारण दुसरं आहे. ते चालतं.

एवढी चाळणी लावून जे उरतं ते तुमचं मत. कधी कधी काहीच उरत नाही, तेव्हा "नीट बघितला नाही, परत बघून सांगतो" म्हणायचं. याला लाज कसली?

तिसरी पायरी, एक जागा सांगा. एकच. "भारी आहे", "नाद खुळा", "बकवास" याला मत म्हणत नाहीत, ती शिट्टी झाली. आमच्या आईचं बघा, तिला दिग्दर्शक कोण असतो ते माहीत नाही, पण तिच्याइतकं मुद्देसूद आमच्या कट्ट्यावर कोण बोलत नाही. मागच्या महिन्यात एका गावाकडच्या सिनेमात हिरोईन चुलीपुढं भाकरी करत होती. आई मेथी निवडत होती, मान वर केली आणि म्हणाली, "हिनं जल्मात भाकरी थापलेली न्हाई. बोटांनी दाबालीय बघ. तव्यावर टाकल्यावर वरनं पाण्याचा हात पण फिरवला न्हाई, ही कशाला फुगतीया." पुढच्याच शॉटला ताटात टम्म फुगलेली भाकरी. आई हसली आणि परत मेथीत. त्या सिनेमात गाव खोटं आहे हे सांगायला मला दोन पानं लागली असती, तिनं एका भाकरीत सांगितलं. तुम्हाला जे काम येतं, शेती म्हणा, गॅरेज म्हणा, बँक म्हणा, तालीम म्हणा, त्याच्या नजरेनं बघितलेली एक जागा सांगा. छायाचित्रण अप्रतिम वगैरे आपण म्हणून कुणाच्या आयुष्यात काय फरक पडत नाही.

चौथी, गोष्ट किती सांगायची. पहिल्या वीस मिनिटांतली. त्याच्या पुढचं एक अक्षर नाही, समोरच्यानं कितीही गळ घातली तरी नाही. "सांग रं, मी काय बघणार नाही" म्हणणारा माणूस त्याच रात्री बघतो आणि मग महिनाभर तुम्हाला शिव्या घालतो.

पाचवी, समोर कोण बसलंय ते बघून बोला. हे मत बदलायला सांगत नाही, जपून बोला एवढंच. या गावात चित्रनगरीत शूटिंगला जाऊन आलेला कुणीतरी कुठल्याही टेबलावर सापडतो. मी एकदा एका सिनेमातल्या जत्रेच्या सीनला "गर्दी किती मेलेली आहे" म्हणालो आणि शेजारच्याचा मेव्हणा त्या गर्दीत उभा होता. पिवळा फेटा. मिसळ संपेपर्यंत तो माणूस माझ्याशी बोलला नाही, नंतर चहाला मात्र पैसे त्यानंच दिले आणि म्हणाला, "दिवसभर उन्हात उभं केल्यावर मरंलच की गर्दी." हे तरी मला कुठं माहीत होतं.

भांडण पेटलं तर "तुला कळला नाही" हे वाक्य सोडून काहीही बोला. हे वाक्य आलं की सिनेमा बाजूला राहतो आणि शाहू स्टेडियमवर पेठांची फुटबॉल मॅच असल्यासारखं होतं.

राहता राहिलं ग्रुपवर पाठवायचं. सिनेमाचं नाव, भाषा, कुठं आहे, तुमची ती एक जागा आणि कसा बघितला ते, पाच-सहा ओळी खूप झाल्या. चार-चार मिनिटांच्या व्हॉइस नोट पाठवू नका. कोण ऐकत नाही, मी तर नाहीच.