शेवटी सगळ्यांचंच तारण होईल का? या वादात शिरायचं असेल तर असं शिरा

शेवटी सगळ्यांचंच तारण होईल का, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सुटून सगळेच देवाजवळ जातील का, हा प्रश्न बायबल अभ्यासात निघाला की दहा मिनिटांत दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते देव प्रीती आहे मग तो कुणाला कायमचं नरकात कसं ठेवेल, दुसरी म्हणते सगळेच वाचणार असतील तर प्रभू वधस्तंभावर गेला कशाला, आणि मग तासभर तेच ते चालतं. हा वाद नीट करता येतो आणि तो करायलाच हवा, कारण आपण देवाला कसा समजतो ते सगळं इथे उघडं पडतं. मी कसं करते ते सांगते.

सगळ्यात आधी समोरचा नक्की काय म्हणतोय ते विचारून घ्या. सगळ्यांचं तारण मानणारे ख्रिस्ती लोक 'सगळे मार्ग सारखेच' असं म्हणत नसतात, त्यांच्या मते जो कुणी वाचेल तो फक्त ख्रिस्ताद्वारेच वाचेल. बरेच जण नरकसुद्धा नाकारत नाहीत. नरक आहे, भयंकर आहे, पण तो शुद्ध करणारा आहे आणि त्याला शेवट आहे, असं ते म्हणतात. समोर मग एक नाही, दोन मतं आहेत: शिक्षा कायमची आणि भोगावी लागणारी, किंवा दुष्टांचा शेवटी पूर्ण नाश, म्हणजे ते उरतच नाहीत. हे दुसरं मत लोक विसरतात, पण मत्तय १०:२८ मध्ये (बायबलमधलं मत्तयचं पुस्तक, अध्याय १०, वचन २८) आत्मा आणि शरीर दोन्हींचा नाश करणाऱ्याला भ्या असं आहे, त्यामुळे ते सोडून चालत नाही. थोडक्यात लढत तिघांची आहे.

आता वचनं. दोन लिस्ट करा, पण आपल्या बाजूच्या वचनांपासून सुरुवात करू नका, जी वचनं आपल्याला अडचणीत टाकतात ती आधी काढा. सगळे वाचतील असं वाटत असेल तर मत्तय २५:४६, लूक १६:२६ मधली ओलांडता न येणारी दरी, २ थेस्सलनीका १:९. कायमच्या नरकावर ठाम असाल तर रोम ५:१८, रोम ११:३२, कलस्सै १:२०, १ करिंथ १५:२२. प्रत्येक वचनासमोर दुसरी बाजू त्याचं काय करते ते एका ओळीत लिहा, आणि असं लिहा की ते वाचून त्या बाजूचा माणूस म्हणेल हो, बरोबर, आम्ही हेच म्हणतो.

आणि एकटं वचन वाचायचं नाही, आजूबाजूचं वाचायचं. रोम ५:१८ मध्ये एकाच्या अपराधाने सगळे दोषी आणि एकाच्या नीतिमत्त्वाने सगळ्यांना जीवन असं आहे, आणि दोन्हीकडचं 'सगळे' सारखंच वाटतं, पण एक ओळ वर १७ मध्ये कृपा ज्यांना मिळते, जे ती घेतात त्यांच्याबद्दल बोलणं चाललंय. मग १८ ने १७ ला रुंद केलं की १७ ने १८ ला आवळलं? हा खरा प्रश्न आहे आणि इथे वेळ घालवा.

प्रकटीकरणात, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, तर हे अजून चांगलं दिसतं. अध्याय १९ मध्ये पृथ्वीचे राजे सैन्य घेऊन प्रभूशी लढायला जमतात आणि हरतात, २० च्या शेवटी ज्यांचं नाव जीवनाच्या पुस्तकात नाही ते अग्निसरोवरात जातात, आपल्याला वाटतं विषय संपला. आणि २१:२४ मध्ये पृथ्वीचे राजे आपलं वैभव घेऊन नव्या यरुशलेममध्ये, म्हणजे देवाच्या नव्या नगरीत, येतायत! पुढच्याच ओळीत वेशी कधी बंद होणार नाहीत असंही आहे. सगळ्यांचं तारण मानणारे इथे बोट ठेवतात आणि विचारतात, बाहेर कुणी येण्यासारखं उरलंच नसेल तर वेशी उघड्या कुणासाठी? पण २१:२७ सांगतं की अशुद्ध काहीही आत येणार नाही, आणि २२:१५ मध्ये बाहेर कोण कोण आहे त्याची यादी आहे. मला हा भाग दोन्ही बाजूंना शांत करणारा वाटतो, कारण कुणालाच तो पूर्ण आपल्या खिशात घालता येत नाही.

मत्तय २५:४६ वर चौथ्या-पाचव्या शतकातला धर्मपंडित ऑगस्टीन याचा मुद्दा माहीत असू द्या, तो आजही सगळ्यात जास्त वापरला जातो: एकाच वाक्यात शिक्षेला आणि जीवनाला एकच विशेषण लावलंय, मग शिक्षा संपणारी मानली तर जीवनही संपणारं मानावं लागेल. समोरचे म्हणतात की ते विशेषण 'येणाऱ्या युगाचं' असं आहे, किती काळ ते त्यात नाही, आणि जीवन न संपणारं आहे ते आपण इतर वचनांवरून मानतो. मुद्दा मूळ ग्रीक शब्दाचा आहे, ग्रीक येत नसेल तर तिथे जास्त ठाम बोलू नका.

आता जे तंत्र मला सगळ्यात उपयोगी पडलंय ते. अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस टॅलबट यांनी तीन वाक्यं समोर ठेवली. एक, देवाला सगळ्यांचं तारण व्हावंसं वाटतं. दोन, देवाला जे हवं ते तो शेवटी घडवून आणतो. तीन, काही माणसं कायमची हरवतात. तिन्हीला बायबलमधून आधार दाखवता येतो, पण तिन्ही एकदम खरी धरता येत नाहीत, एक सोडावंच लागतं. ग्रुपमध्ये प्रत्येकाला विचारा, तू कुठलं सोडतोस? कोण वाचणार ते देवच आधी निवडतो असं मानणाऱ्या सुधारक कॅल्व्हिनच्या मार्गाने जाणारे पहिलं ढिलं करतात, १ तीमथ्य २:४ मधली 'सर्व माणसं' म्हणजे सर्व प्रकारची माणसं, कारण दोन ओळी आधी राजे आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा म्हटलंय. माणसाच्या स्वतंत्र इच्छेवर भर देणारे दुसरं सोडतात, देव कुणावर जबरदस्ती करत नाही म्हणून. सगळ्यांचं तारण मानणारे तिसरं सोडतात. आणि सोडलं की त्याची किंमत मोजायची. पहिलं सोडणाऱ्याने सांगायचं की देव काही जणांवर तारणापर्यंत नेणारी प्रीती करतच नाही का. दुसरं सोडणाऱ्याने सांगायचं की देवाला पूर्ण ओळखूनही कुणी कायम आगच निवडत असेल तर त्या निवडीला स्वतंत्र कसं म्हणायचं. तिसरं सोडणाऱ्याने सांगायचं की शेवट ठरलेलाच असेल तर आपल्या हो-नाहीला वजन काय, आणि प्रभूने इतक्या कडक शब्दांत सावध का केलं. इथे गोलगोल उत्तर चालवून घेऊ नका.

इतिहास काढला तर नीट काढा, कारण दोन्ही बाजू तो अर्धाच सांगतात. 'हे आजकालचं फॅड आहे' हे चूक आहे, तिसऱ्या शतकात ऑरिजेन आणि चौथ्यात निस्साचा ग्रेगरी या धर्मपंडितांनी हे लिहिलंय. 'सुरुवातीची सगळी मंडळी हेच मानायची' हेही चूक. इ.स. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या मंडळीच्या परिषदेत ऑरिजेनचं नाव पाखंड्यांच्या यादीत आलं, आणि त्या परिषदेशी जोडल्या जाणाऱ्या १५ निषेधांपैकी पहिल्याच निषेधात आत्मे जन्माआधीपासून असतात ही कल्पना आणि तिच्यातून निघणारं सगळ्यांचं पुनःस्थापन (म्हणजे शेवटी सगळे परत देवाकडे येणं) असं दोन्ही एकत्र धिक्कारलंय. ते निषेध परिषदेने रीतसर मंजूर केले होते का यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि ग्रेगरीला मात्र कधीच दोषी ठरवलं नाही, तो संतच राहिला. म्हणून 'परिषदेने निकाल दिला, विषय बंद' असं एका वाक्यात म्हणता येत नाही. पण पुढे मुख्य प्रवाह शिक्षा कायमची मानणाराच राहिला, लुथरन (मार्टिन ल्यूथरच्या मार्गाने जाणाऱ्या) लोकांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबातल्या, म्हणजे त्यांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यातल्या, १७ व्या कलमात शिक्षेला शेवट आहे म्हणणाऱ्यांचा निषेध आहे, हेही तितकंच सरळ सांगा.

'सगळे वाचणार म्हटलं की माणूस विश्वासात ढिला पडतो' हा टोमणा कुणी मारला तर ऑरिजेनचंच आयुष्य सांगा. वडील शहीद झाले, आणि म्हातारपणी रोमन सम्राट डेशियसच्या छळात त्याला स्वतःला तुरुंगात हालहाल सोसावे लागले तरी त्याने ख्रिस्ताला नाकारलं नाही. आणि उलट 'नरक मानणारे सगळे निर्दय' असं कुणी म्हणालं तर ऑगस्टीन दाखवा, तो सगळे वाचतील या मताच्या ठाम विरोधात होता तरी असं मानणाऱ्यांना आपले कोमल मनाचे बांधव समजतो आणि त्यांच्याशी शांतपणे वाद करायचाय म्हणतो. असे लोक त्याच्या काळात खूप होते हेही त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

यानंतर एक फरक ठेवा: होईलच म्हणणं वेगळं आणि होवो म्हणणं वेगळं. विसाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ सगळे वाचतील असा सिद्धांत मांडायला तयार नव्हता आणि देवाच्या कृपेला हद्द घालायलाही तयार नव्हता. कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ हान्स उर्स फॉन बाल्थासार म्हणायचा की सगळ्यांसाठी आशा धरायची मोकळीक आपल्याला आहे, किंबहुना ते कर्तव्य आहे, पण खात्रीने सांगता येत नाही. मी स्वतः इथेच उभी आहे. लूक १३:२३ मध्ये एक जण प्रभूला थेट विचारतो, तारण होणारे थोडेच आहेत का? प्रभू आकडा देतच नाही, अरुंद दरवाजाने आत जायचा नेटाने यत्न करा असं तो ऐकणाऱ्यांनाच सांगतो. म्हणून दुसऱ्याबद्दल आशा आणि स्वतःबद्दल गांभीर्य, माझा क्रम हा आहे. ज्यांना यापेक्षा जास्त खात्री आहे त्यांनी ती वचनातून दाखवावी, मी ऐकेन.

शेवटची गोष्ट ग्रुप चालवणाऱ्यांसाठी. हा प्रश्न कोण विचारतंय ते बघा. कुणी विचारत असेल की माझी आई विश्वास न ठेवता गेली, ती कुठे असेल, तर वरचं काहीही काढू नका, तीन वाक्यं नाही, ५५३ नाही. 'ती नरकात आहे' असं म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही, शेवटच्या क्षणी तिच्यात आणि देवात काय झालं ते तुम्ही पाहिलेलं नाही, आणि वधस्तंभावरच्या चोराला तर अगदी शेवटच्या तासांत आजच माझ्याबरोबर सुखलोकात असशील असं सांगितलं गेलं. 'ती नक्की स्वर्गात आहे' हेही सांगू नका, नंतर वचनं वाचताना त्या माणसाला ते खोटं वाटलं तर तो तुमच्यावर परत विश्वास ठेवणार नाही. आई कशी होती ते विचारा, ऐका, त्याच्याबरोबर प्रार्थना करा. अभ्यास पुढच्या आठवड्यात, आणि तोही त्याने स्वतःहून विषय काढला तरच.