कार्बन आणि काच एकत्र लावण्याआधी: हायब्रिड एफआरपीवर पहिलं काम करणाऱ्यांसाठी

व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) शेवटच्या वर्षाला हायब्रिड एफआरपीचा, म्हणजे काँक्रीटला बळकटी द्यायला रेझिनने चिकटवायच्या दोन प्रकारच्या तंतूंच्या कापडाचा, विषय घेतला की डोक्यात पहिलं येतं ते हेच: कार्बन ताकदवान, काच स्वस्त, दोन्ही चिकटवू. चिकटवण्याआधी वहीत पाच ओळींचं गणित करा. अर्धे प्रोजेक्ट तिथेच सुधारतील.

३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कार्बन कापड घ्या. घनता १.८ ग्रॅम प्रति घन सेंमी, म्हणजे नुसत्या तंतूंची जाडी ०.१६७ मिमी. मॉड्युलस (ताण दिल्यावर न लांबण्याचा गुण) २३० जीपीए. गुणाकार केला की एक मिमी रुंदीला सुमारे ३८ किलोन्यूटन स्टिफनेस मिळतो. ९०० जीएसएमच्या ई-ग्लासचं, म्हणजे नेहमीच्या काचतंतूच्या कापडाचं, (घनता २.५५, मॉड्युलस ७२) तेच गणित केलं तर २५. वजन तिप्पट, काम दोन-तृतीयांश.

आता कार्बन १.२ टक्के स्ट्रेनला (मूळ लांबीच्या तुलनेत वाढ) आणि काच २ टक्क्यांना तुटते असं धरू. दोन्हींचा एकेक थर असेल तर कार्बन तुटण्याच्या क्षणी दोघांवर मिळून मिमीला ०.७७ किलोन्यूटन भार असतो, आणि काच एकटी फार तर ०.५१ पेलते. म्हणजे कार्बन गेला की त्याच झटक्यात काचही जाते, आणि ग्राफवर हायब्रिडचा मागमूस राहत नाही. काचेच्या दोन थरांनीही थोडक्यात हुकतं (१.०२ विरुद्ध १.०७). तीन थरांना मात्र १.५२ विरुद्ध १.३८, इथे काच सावरून धरते. ‘आधी इशारा, मग मोड’ हवा असेल तर थरांची संख्या अशी काढायची, कापडाच्या दरपत्रकावरून नाही.

पण हेच चार थर (एक कार्बन, तीन काच) बीमच्या तळाला लावले तर गणित पुन्हा फिरतं. तिथे कापड तुटण्याआधी काँक्रीटवरून सोलून निघतं. हे सोलणं म्हणजे डिबाँडिंग. ते किती स्ट्रेनला होतं याचं एसीआय ४४०.२आर (अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची मार्गदर्शिका) मधलं सूत्र ०.४१ गुणिले वर्गमूळात (काँक्रीटची ताकद एमपीएत भागिले एकूण स्टिफनेस न्यूटन प्रति मिमीत) असं आहे. यात हमखास होणारी चूक म्हणजे एम-२० चे २० तसेच घालणं. ते घनाकृती नमुन्याच्या चाचणीचे आहेत. सूत्राला सिलिंडरची ताकद लागते, म्हणून १६ धरा. नुसत्या कार्बनला ०.८४ टक्के येतात, चारही थरांना ०.४८. थर वाढवले आणि सोलणं आधी आलं! कार्बन १.२ ला पोहोचतच नाही. बीमला यू-रॅप (तळ आणि दोन्ही बाजूंना यू आकारात गुंडाळलेल्या पट्ट्या) द्या, नाहीतर सरळ गोल कॉलमचा विषय घ्या. सगळीकडून गुंडाळलेल्या कॉलमवर हायब्रिडचा गुण खरा दिसतो.

कॉलम चौकोनी असेल तर कोपरे किमान १३ मिमी त्रिज्येने गोल करा; २५ केले तर उत्तम. धारदार कोपऱ्यावर कार्बन लवकर तुटतो. कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) निघून सळई उघडी असेल तर गंज साफ करून मॉर्टरने भरा आणि पहिला थर काचेचा लावा. कार्बन वीजवाहक आहे. ओल असताना स्टीलला टेकला की स्टील वेगाने गंजतं.

आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) किमान ३ अंश जास्त हवं. जुलैत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे हवा २२ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के असली तर दवबिंदूच २१ च्या वर जातो. भिंत २४ ला कुठून येणार? हाताला कोरडं लागलं यावर विश्वास ठेवू नका. साधारण ४५ सेंमीचा पॉलिथिनचा चौकोन कडांना टेप लावून १६ तास ठेवा. आतून घाम आला तर काम थांबवा.

दमट हवेत इपॉक्सीवर (कापड चिकटवायचं रेझिन) मेणचट थर चढतो. तो न धुता पुढचं कापड लावलं तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत. कोमट पाण्याने घासून, सुकवून, हलका सँडपेपर मारा. रेझिन-हार्डनर नेहमी वजनकाट्यावर, डेटाशीटच्या प्रमाणात. हार्डनर ‘जरा जास्त’ घातल्याने लवकर सुकत नाही, मऊ राहतं. बादलीभर एकदम कालवलं तर आतल्या उष्णतेने वापरायच्या आतच धूर येऊन गठ्ठा होतो; थोडं कालवा, लगेच पसरा. प्रमाण मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून काट्याशेजारी चिकटवा, मिसळणारा माणूस रोज तोच नसतो.

दुसऱ्या दिवशी नाण्याने ठोकत फिरा. बद्द आवाज आला की तिथे खडूने गोल. १३ चौरस सेंमीपेक्षा छोटे, विरळ पोकळ भाग सहसा चालतात. १६० च्या वरचा भाग कापून पुन्हा लावावा लागतो. पुल-ऑफ चाचणीत (चिकटवलेली चकती ओढून काढतात) किमान १.४ एमपीए हवेत आणि मोड काँक्रीटमध्ये हवा. चिकटवणीत मोडलं तर आकडा कितीही छान असो, पृष्ठभागाची तयारी फसली आहे.

टेन्साइल (ओढून तोडायच्या चाचणीच्या) पट्ट्या डायमंड ब्लेडनेच कापा; कात्रीने कापलेल्या पट्टीच्या कडा फाटतात. पकडीत पट्टी चिरडू नये म्हणून दोन्ही टोकांना काचेच्या लॅमिनेटचे टॅब चिकटवा. टॅबजवळ तुटलेले निकाल सरासरीत धरू नका, वेगळे नोंदवा.

वेळापत्रक उलटं मांडा. काँक्रीटचे २८ दिवस, वर रेझिनचे किमान ७. कास्टिंग जानेवारीत आटोपलं तर रॅपिंग मार्च अखेरपर्यंत होतं, वळीव येण्याआधी.