पहिल्या महायुद्धात गेलेल्या पणजोबांचा शोध कसा घ्यावा

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही महायुद्धांत मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणारी संस्था; तिच्या संकेतस्थळावर शोध मोफत आहे. बहुतेक जण आडनाव टाकतात, काहीच सापडत नाही आणि शोध तिथेच सोडतात. कारण साधं आहे: कित्येक हिंदी शिपायांची नोंद फक्त पहिल्या नावाने झाली आणि तेच नाव आडनावाच्या रकान्यात बसलं. म्हणून त्या रकान्यात ‘तुकाराम’, ‘धोंडी’, ‘बाळू’ असं पहिलं नाव टाका आणि सैन्य ‘इंडियन’ निवडा.

त्याहून चांगली वाट म्हणजे जादा माहितीचा रकाना. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. गावाचं नाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहून पाहा. जिल्हाही त्या काळचाच हवा: रायगड नव्हे, कुलाबा, पुण्याचं स्पेलिंगही जुनं, ‘पूना’.

पलटणीने शोधताना ‘मराठा’ शब्दात एम-ए नंतर एच आणि पुढे दोन टी घाला (Mahratta). तेव्हा पलटणींचे क्रमांक १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ होते; १९२२ नंतर ते बदलले. १९१७ साली उभी राहिलेली १११ महार पलटण वेगळी, तीही तपासा.

इथे फक्त ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत सापडतील. जिवंत परतलेल्यांसाठी घरातलं पदक काढा. त्या युद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ते घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. तिरप्या उजेडात फोटो घेऊन वाचा.