मुदतवाढ विवरणपत्राला मिळते, कराला नाही
अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या हाती भारतातील ठेवींवरील व्याजाचे दाखले एप्रिलच्या मध्यापर्यंत येत नाहीत. अशा वेळी १५ एप्रिलपर्यंत मुदतवाढ मागणारा फॉर्म ४८६८ भरल्यास प्राप्तिकर विवरणपत्रासाठी १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. ही सवलत कर भरण्यासाठी मात्र नाही, आणि नेमके येथेच लोक फसतात. म्हणून अंदाजे निघणारा कर एप्रिलमध्येच भरावा. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याच्या, डायरेक्ट पे या ऑनलाइन सेवेतून पैसे भरताना कारण म्हणून ‘एक्स्टेन्शन’ निवडले, तर वेगळा फॉर्म लागत नाही. पावतीचा क्रमांक तेवढा जपून ठेवावा. विवरणपत्राच्या उशिराबद्दल थकीत कराच्या दरमहा ५ टक्के, तर कराच्या उशिराबद्दल दरमहा ०.५ टक्के दंड बसतो, त्यामुळे पूर्ण रक्कम हाताशी नसली तरी मुदतवाढ जरूर मागावी.